फ्लॅश मेमरीतील सेटिंग : वायफाय मायक्रोकंट्रोलर

वायफायचे नाव व पासवर्ड, पंपाच्या वेळा, मातीतल्या ओलाव्याची मर्यादा अशी माहिती ईएसपी८२६६ (२०१४) व ईएसपी३२ (२०१६) यांसारखे मायक्रोकंट्रोलर (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिप) फ्लॅश मेमरीत ठेवतात. वीज नसतानाही ती तिथे टिकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले, तेव्हा गावेच्या गावे अनेक दिवस अंधारात होती. फ्लॅशला अशा लांबलेल्या अंधाराचे भय नाही. भय आहे ते लिहिता लिहिता लाईट जाण्याचे. मे महिन्यात आगरात नारळी-पोफळींचे शिंपणे चालू असते आणि वळवाच्या पावसात लाईट तासाभरात चार वेळा ये-जा करते. नेमका तोच काळ धोक्याचा.

याचे कारण फ्लॅशच्या घडणीत आहे. पुसलेल्या जागेत सगळे बिट (माहितीचे ० किंवा १ असे सर्वांत लहान घटक) १ असतात. लिहिताना १ चा ० होतो. ० चा पुन्हा १ करायचा तर ४,०९६ बाइटचा अख्खा सेक्टर, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, पुसावा लागतो. ईएसपी८२६६ची ‘ईईप्रॉम’ लायब्ररी (सेटिंग जपण्याचा तयार कोड) एकाच सेक्टरवर काम करते : आधी पुसते, मग लिहिते. या दोहोंच्या मध्ये वीज गेली की जुनी सेटिंग गेलेली असते आणि नवी आलेली नसते. शिवाय सेक्टर साधारण १ लाख वेळाच पुसता येतो. दर मिनिटाला तोच सेक्टर पुसला, तर ही मर्यादा ७० दिवसांत गाठली जाते. म्हणून सेन्सरच्या नोंदी अशा जागी लिहू नयेत.

ईएसपी३२मधील एनव्हीएस नावाच्या साठ्यात प्रत्येक सेटिंगला जास्तीत जास्त १५ अक्षरांचे रोमन नाव असते. नवी किंमत नव्या जागी लिहिली जाते, जुनी त्यानंतर रद्द होते. संपूर्ण जेसन फाइल (सगळ्या सेटिंग मजकुराच्या रूपात लिहिलेली फाइल) ठेवायची असेल तर लिटल-एफएस ही फाइल प्रणाली घ्यावी. बदललेला मजकूर ती दुसरीकडे लिहिते आणि फाइल नीट बंद झाल्यावरच तो ग्राह्य धरते. जुनी स्पिफ्स फाइल प्रणाली वीज जाण्याच्या बाबतीत इतकी भरवशाची नाही, तिच्यात खरे फोल्डरही नसतात. कोकणातल्या पंपावर ती बसवू नये.

एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात ठेवणे) नसेल तर यूएसबी केबल जोडून पासवर्ड वाचता येतो. एनव्हीएसचा विभाग वेगळा असल्याने वायफायवरून नवा प्रोग्राम चढवला तरी सेटिंग राहतात. फाइल प्रणालीची नवी इमेज (सगळ्या फायलींची एकत्रित प्रत) चढवली, तर मात्र तिथली सेटिंगची फाइल पुसली जाते.