रोटर खडखडतोय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी शाफ्टकडं बघा

सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं आणि शेजारच्या काकांचा रोटर (ट्रॅक्टरमागं जोडून माती भुसभुशीत करणारं रोटाव्हेटर) नुसता खडखडायला लागला. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलून आठ दिवस झाले नव्हते तोवर पुन्हा तीच बोंब. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स उतरवा, काकू म्हणाल्या दृष्ट लागलीय, आणि संध्याकाळपर्यंत बोनेटला ताजी लिंबू-मिरची लटकलीसुद्धा. गिअरबॉक्स ठणठणीत होता हो. ट्रॅक्टरची ताकद रोटरपर्यंत नेणारा शाफ्ट चुकीचा जोडलेला होता.

ट्रॅक्टरच्या मागं खाचांचा जो आखूड दांडा फिरतो तो पीटीओ (पॉवर टेक-ऑफ), शाफ्ट त्यालाच जोडतात. आपल्याकडं बहुतेक ट्रॅक्टरला सहा खाचांचा, साधारण ३५ मिलिमीटर जाडीचा, ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. म्हणजे सेकंदाला ९. दांडा फिरतोय पण रोटर ढिम्म, तर आधी शिअर बोल्ट तुटलाय का बघा, तो तुटण्यासाठीच असतो, त्याजागी कडक बोल्ट ठोकला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्सच जातो. रिकामा फिरतो, मातीत गेला की थांबतो आणि इंजिनाचा आवाज मात्र बसत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिन दबत असेल तर क्लचला दोष देऊ नका, तुम्ही खोल घातलाय.

आता माझा लाडका विषय, क्रॉस.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बेचकी असतात, मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस. सगळ्यांना वाटतं हा नुसता वाकडा बिजागर, इकडून ५४० गेले की तिकडं ५४० निघाले. फेरे तेवढेच निघतात, पण वेग एकसारखा नसतो! एक बांगडी तिरकी धरून बघा, लांबट दिसते ना? आता तिच्यावरून मुंगी एकाच वेगानं चालली तरी समोरून बघणाऱ्याला ती कुठं भरभर वळताना दिसते, कुठं रेंगाळताना. क्रॉसमध्ये तेच होतं, कारण एका बेचक्याचं वर्तुळ दुसऱ्याच्या नजरेतून तिरकं असतं. सांधा वाकल्याचा कोन ३० अंश असेल तर वेग कधी कोसाइन ३० नं (०.८६६) गुणला जातो, कधी त्यानंच भागला जातो, म्हणजे ५४० चे कधी ४६८ तर कधी ६२४, आणि हे एका फेऱ्यात दोनदा, सेकंदाला १८ वेळा. म्हणून रोटर चालू ठेवून बांधावर उचलला की कोन वाढतो आणि खडखड सुरू होते.

मग हे रोज का जाणवत नाही? कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याची चूक उलटी करून फेडतो. अट एवढीच की दोन्हीकडचा कोन सारखा हवा (टॉप लिंक, म्हणजे रोटरला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा, फार आवळून रोटर तिरका केला की इथंच गडबड होते) आणि शाफ्टच्या मधल्या, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांवरची बेचकी एका रेषेत हवीत. ती पाव फेरा चुकली तर चूक फिटत नाही, चढते. त्याच ३० अंशाला ४०५ ते ७२०. बिचारा क्रॉस किती दिवस टिकणार?

काकांचा शाफ्ट चौकोनी होता, तो चार प्रकारे आत जातो, त्यातले दोन चूक. काही शाफ्टची नळी लिंबासारखी लांबट असते, ती दोनच प्रकारे जाते आणि दोन्ही बरोबर. ट्रॅक्टरवर लिंबू हवंच असेल तर ते असं हवं.

इंजिन बंद करून, चावी खिशात टाकूनच हात घातला आम्ही. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला दोन मीटर पळतो, उपरण्याचं टोक अडकलं तर ओरडायला पण वेळ मिळत नाही, त्यामुळं वरचं प्लॅस्टिक कव्हर काढून फेकणाऱ्यांचा मला राग येतो.

शाफ्ट ओढला, पाव फेरा फिरवला, परत सरकवला, दोन्ही नळ्यांवर खडूनं सरळ रेघ मारली. दहा मिनिटं लागली. क्रॉसचे पैसे मात्र दोनदा गेले.