एसी-फ्रिज रिपेअरिंगच्या दुकानासाठी पीएमईजीपी कर्ज: अर्ज नेमका कुठे अडकतो

एसी-फ्रिजचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर टाकायला पीएमईजीपीमधून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सबसिडीवालं कर्ज मिळतं हे जळगाव-धुळ्यात आता बहुतेक पोरांना माहीत आहे. अर्जही भरपूर जातात, पण परतही तितकेच येतात, आणि परत येण्याची कारणं बघितली तर जीव तुटतो, कारण पोराच्या हातात कला असते, गिऱ्हाईक असतं आणि अर्ज अडतो एका दाखल्यावर नाहीतर एका कोटेशनवर. म्हणून साध्या गोष्टी भराभर सांगतो आणि जिथे अडतं तिथे थांबतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पीएम विश्वकर्मा म्हणजे ही योजना नाही. विश्वकर्मा 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, त्यात 15 हजारांचं टूलकिट मिळतं हे खरं, पण त्यातल्या 18 पारंपरिक कामांमध्ये सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी असे आहेत, एसी-फ्रिज मेकॅनिक नाही. ऑनलाईन अर्ज भरून देणारा सेंटरवाला म्हणतो 'कुलूपवाला म्हणून टाकून देऊ, काय फरक पडतो', तर फरक पडतो, पडताळणीत पकडलं जातं आणि नाव खराब होतं. त्या भानगडीत पडू नका.

पीएमईजीपी ही केंद्राची योजना, 2008 पासूनची, खादी आयोग म्हणजे केव्हीआयसी ती चालवतं. आपल्याकडे अर्ज केव्हीआयसी, खादी ग्रामोद्योग मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी कोणामार्फतही जातो. पूर्वी खादीवाले फक्त खेड्याचे अर्ज घेत, 2022 च्या बदलांनंतर कोणतीही एजन्सी शहर-खेडं दोन्ही घेते, त्यामुळे 'हे आमच्याकडे नाही, तिकडे जा' असं कोणी सांगितलं तर हा बदल नम्रपणे दाखवून द्या. अर्ज फक्त ऑनलाईन आणि फुकट, त्याचे पैसे मागणारा माणूस सरकारी नाही. भरायला बसण्याआधी पोर्टलवर नवीन अर्ज घेणं चालू आहे ना तेवढं बघून घ्या.

पात्रता छोटी आहे. वय 18 च्या वर, वरची मर्यादा नाही. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला रांगेत उभं राहू नका. एका कुटुंबात एकच लाभार्थी, पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको एवढंच, म्हणजे मोठ्या भावाने घेतलं असेल तरी धाकट्याला घेता येतं, हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. सर्व्हिसच्या कामासाठी प्रकल्प 20 लाखांपर्यंत, आणि 5 लाखांच्या वर गेलात तर आठवी पास पाहिजे. सातवीत शाळा सोडलेला आणि दहा-पंधरा वर्षं शेठकडे काम केलेला हुशार मेकॅनिक असेल तर प्रकल्प 5 लाखांच्या आतच ठेवा, उगीच 8 लाखांचा टाकून रिजेक्ट होऊ नका. मर्यादा जास्त मिळते म्हणून 'मॅन्युफॅक्चरिंग' निवडायचं हेही डोक्यातून काढा, रिपेअरिंग ही सर्व्हिसच.

आता सबसिडी. ओपन कॅटेगरीतल्या माणसाला शहरात 15 टक्के, ग्रामीण भागात 25 टक्के, स्वतःचे 10 टक्के घालायचे. एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग, माजी सैनिक यांना, म्हणजे विशेष प्रवर्गाला, शहरात 25, ग्रामीण भागात 35, स्वतःचे फक्त 5 टक्के. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा (केंद्राने मागास म्हणून खास लक्ष द्यायला निवडलेला) आहे, आणि 2022 पासून आकांक्षित जिल्ह्यातल्या अर्जदाराला विशेष प्रवर्गाचाच दर लागतो, मग तो ओपनचा का असेना. हिशोब करून बघा, 5 लाखांचा प्रकल्प, ओपनचा पोरगा, जळगाव शहरात दुकान, तर सबसिडी 75 हजार आणि स्वतःचे 50 हजार. तोच पोरगा शहाद्याजवळच्या प्रकाशा गावचा असेल आणि तिथेच दुकान टाकत असेल तर सबसिडी 1 लाख 75 हजार आणि स्वतःचे 25 हजार. दोंडाईचा धुळ्यात, शहादा नंदुरबारात, अंतर किती ते तुम्हाला माहीतच आहे. नंदुरबारचे कितीतरी अर्ज 'जनरल' टिक करून आलेले दिसतात आणि वरून कोणी दुरुस्तही करून देत नाही. त्या एका टिकेने 25 टक्क्यांचे 35 होतात, 5 लाखांवर 50 हजारांचा फरक आहे राव, टिक करताना डोळे उघडे ठेवा.

ग्रामीण म्हणजे काय, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. नियम साधा आहे, जागा पंचायतीच्या हद्दीत असेल तर ग्रामीण, नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर शहरी. गाव दिसायला कसं आहे याच्याशी संबंध नाही. सावदा, फैजपूर दोन्हीकडे चारी बाजूंनी केळीच आहे, फैजपूरला तर 1936 ला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, पण आज दोन्हीकडे नगरपालिका आहे, त्यामुळे तिथलं दुकान शहरी. उलट शहराला चिकटलेलं पण ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं दुकान ग्रामीण. यासाठी जो दाखला लागतो तो दुकानाच्या जागेचा. पोरं ग्रामसेवकाकडून रहिवासी दाखला आणतात, तो तुम्ही कुठे राहता ते सांगतो, दुकान कुठे आहे ते नाही. 'सदर जागा अमुक ग्रामपंचायतीच्या हद्दीत असून ग्रामीण क्षेत्रात येते' असं स्पष्ट वाक्य, जागेच्या पत्त्यासकट, सही-शिक्का आणि जावक नंबर घालून पाहिजे. ग्रामसेवक भेटत नाही ही तक्रार खरी आहे, एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावं असतात, पण मजकूर स्वतः टाईप करून नेला तर काम एका भेटीत होतं, आणि कोऱ्या हाताने गेलं की 'पुढच्या बुधवारी या' सुरू होतं.

जागेचा कागद हा दुसरा काटा. दुकान काकाच्या घराच्या पुढच्या खोलीत, भाडं नाही, कागद नाही. बँकेला हे चालत नाही. काकाशी स्टॅम्प पेपरवर भाडेकरार करा, सोबत काकाच्या नावाचा नमुना 8 चा (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा) उतारा किंवा नगरपालिकेची घरपट्टी पावती, आणि लाईट बिल. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, भाडं जास्तीत जास्त 3 वर्षांचं धरता येतं.

बाकी कागदं म्हणजे आधार, पॅन, फोटो, शाळेचा कागद, असेल तर जातीचा दाखला (प्रांतांचा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जात चालत नाही). आधार आणि पॅनवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का ते आधी बघा.

आता कोटेशन आणि प्रोजेक्ट रिपोर्ट, कारण मेकॅनिक लोकांचे अर्ज मरतात ते मुख्यतः इथेच. बहुतेक कोटेशनांवर एकच ओळ असते, 'एसी रिपेअरिंग टूल किट, 1 सेट, रुपये सव्वातीन लाख'. मॅनेजर ते बघतो आणि विचारतो, पाना-स्क्रूड्रायव्हर आणि गेजला सव्वातीन लाख कशाला? त्याचं चुकत नाही, त्याच्या घरी येणारा मेकॅनिक तेवढ्यावरच काम करून जातो. तुम्ही त्याला समजावलं पाहिजे, आणि ते कागदावरच. जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याकडून एकेक वस्तू वेगळी लिहून घ्या: दोन स्टेजचा व्हॅक्यूम पंप, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजायचा), आर-32 आणि आर-410ए या नवीन गॅसना चालणारा मॅनिफोल्ड गेज, रिकव्हरी मशीन (एसीतला गॅस काढून साठवणारं) आणि रिकव्हरी सिलिंडर, गॅस मोजायचा वजनकाटा, नायट्रोजन सिलिंडर रेग्युलेटरसह, ब्रेझिंग सेट, फ्लेअरिंग टूल, पाईप बेंडर, क्लॅम्प मीटर, लीक डिटेक्टर, जेट पंप. मेक, मॉडेल, दर, जीएसटी सगळं वेगळं. आणि रिपोर्टमधला मशिनरीचा आकडा कोटेशनच्या बेरजेशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे.

मग रिपोर्टमध्ये प्रत्येक महाग वस्तूसमोर ती का लागते ते दोन ओळीत लिहा. ते तुमच्याइतकं कोणी चांगलं लिहू शकत नाही, सेंटरवाला तर नाहीच, त्याच्याकडे पापड उद्योगाचा रिपोर्ट असतो, त्यातलं नाव बदलून देतो, मग 'कच्चा माल: उडीद डाळ' तसंच राहतं. उदाहरणार्थ लिहा की आर-410ए चं प्रेशर जुन्या आर-22 पेक्षा साधारण दीडपटीहून जास्त असतं, जुना गेज त्याला चालत नाही. आर-32 थोडा पेट घेणारा गॅस आहे आणि नवीन डीप फ्रीजरमध्ये आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन असतो, म्हणून तो खोलीत सोडून ब्रेझिंग करता येत नाही, रिकव्हरी मशीनच लागतं. व्हॅक्यूमचं पण लिहा. गॅस मारून हवा काढणारे अजून खूप आहेत, पण पाईपमध्ये राहिलेला ओलावा नवीन कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून ॲसिड बनतं आणि वाइंडिंग खातं, गिऱ्हाईक म्हणतं कंपनी खराब, खरं कारण असतं न मोजलेला व्हॅक्यूम. 500 मायक्रॉनच्या खाली उतरून पंप बंद केल्यावर तिथेच थांबतो का, हे फक्त मायक्रॉन गेज सांगतो, मॅनिफोल्डची सुई नाही. असं लिहिलेला रिपोर्ट वाचून मॅनेजरला कळतं की समोरचा माणूस कामाचा आहे.

उत्पन्नाचा तक्ता पण आपल्या भागाचा करा. रावेर-यावलचे केळीचे रायपनिंग चेंबर, दूध संकलन केंद्रांचे बल्क कूलर, स्वीट मार्टचे डीप फ्रीजर, दवाखान्यांचे एसी. केळी साधारण 13 अंशाखाली गेली की साल काळवंडते, त्यामुळे चेंबरवाल्याला कंट्रोलर बिघडला की रात्री अकराला माणूस लागतो आणि तो वर्षाचं कंत्राट द्यायला तयार असतो. अशा दोन-तीन जणांकडून 'यांचं सर्व्हिसिंगचं काम देऊ' असं लेटरहेडवर लिहून आणलं तर बँकेत वजन पडतं. कामाच्या अनुभवाचा कागद नसेल, रोखीने काम केलं असेल, तर जुन्या शेठकडून साधं पत्र घ्या, आणि कौशल्य विकास केंद्रात आरपीएलची (आधीपासून येत असलेलं काम तपासून सर्टिफिकेट देतात ती) बॅच लागली तर एसी फील्ड टेक्निशियनचं सर्टिफिकेट काढून घ्या. आयटीआय झालेल्यांना हा प्रश्न नाही.

योजना फक्त नवीन युनिटसाठी आहे. पोरं उत्साहाने आधीच उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काढतात, जीएसटी काढतात, बोर्ड लावतात, आणि मग चालू धंदा म्हणून अर्ज परत येतो. आधी मंजुरी, मग नोंदणी. ज्यांचं मुद्रा किंवा पीएमईजीपीचं जुनं कर्ज नीट फिटलंय त्यांच्यासाठी वाढीचं दुसरं कर्ज वेगळं आहे, त्यात सर्व्हिसला 25 लाखांपर्यंत मर्यादा, सबसिडी 15 टक्के.

एजन्सीने तपासून अर्ज बँकेला पाठवला की खरा कर्ता-करविता बँक. निदान 10 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, तरी घराची कागदं मागणाऱ्या शाखा आहेत, अशा वेळी 'साहेब, लेखी द्या' म्हणायला घाबरू नका. फॉर्ममध्ये पर्यायी बँकेचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. सिबिल (तुमच्या जुन्या कर्जफेडीचा रिपोर्ट) आधी बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतं, मोबाईलच्या ईएमआयचे विसरलेले दोन हजार तिथे डोकं वर काढतात. आणि शक्यतो पावसाळ्यात अर्ज टाका. एप्रिल-मेमध्ये भुसावळात पारा 45 कडे गेला की आपण दिवसभर गच्चीवर आऊटडोअरपाशी, फिल्ड ऑफिसरचा फोन उचलत नाही, तो 'अर्जदार इच्छुक नाही' लिहून मोकळा होतो, आणि मग 'भाऊ, आते काय करानं?' म्हणत फोन येतात.

मंजुरीनंतर ईडीपी म्हणजे धंदा चालवण्याचं ट्रेनिंग बहुतेकांना करावंच लागतं, त्याशिवाय सबसिडीचा क्लेम पुढे जात नाही. सबसिडी हातात मिळत नाही हेही घरच्यांना आधीच सांगा. ती बँकेत तुमच्या नावावर 3 वर्षं ठेव म्हणून पडून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. हे 3 वर्षं लोक चुकीचे मोजतात, अर्जाच्या तारखेपासून नाही, कर्जाचा पहिला हप्ता खात्यात पडल्यापासून. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होते, तेव्हा दुकान चालू पाहिजे, योजनेचा बोर्ड लावलेला पाहिजे आणि कोटेशनमधली मशीन जागेवर पाहिजेत, म्हणून बिलं, सिरियल नंबर आणि मशीनचे फोटो पहिल्या दिवसापासून एका फाईलीत ठेवा आणि रिकव्हरी मशीन पुण्याच्या मित्राला वापरायला देऊ नका.

अर्ज परत आलाच तर तोंडी कारणावर विश्वास ठेवू नका, पोर्टलवर नोंदवलेलं कारण बघा, त्याचा प्रिंट घेऊन एजन्सीत जा आणि तेवढाच कागद दुरुस्त करून पुन्हा टाका.