बेसबॉल कार्ड : जुन्यांचा संग्रह आणि घरची निर्मिती

बेसबॉल कार्ड म्हणजे एका अंगाला खेळाडूचे चित्र आणि दुसऱ्या अंगाला जाहिरात, चरित्र किंवा आकडेवारी छापलेला, तळहातात मावणारा जाड कागदाचा तुकडा. अमेरिकेत तो आधी सिगारेटच्या आणि मग गोळ्या-च्युइंगगमच्या पाकिटातून गिऱ्हाइकाला मिळत आला. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवणाऱ्या पोरांना काड्यांशी जेवढे देणेघेणे असे, तेवढेच तिकडच्या पोरांना गमशी. कार्डांना क्रमांक असतात आणि त्यांचे संच असतात. एकदा संच म्हटला की जमवणाऱ्याचे लक्ष हाती असलेल्या कार्डांवरून उडते आणि नसलेल्यावर जाऊन बसते. या छंदातल्या बहुतेक सगळ्या प्रसिद्ध कथा अशा रिकाम्या जागांच्या आहेत, आणि स्वतःच कार्ड तयार करण्याचा उद्योगही तिथूनच निघाला आहे.

तंबाखूचे दिवस

सिगारेटची कागदी पाकिटे लेचीपेची असत. आत पुठ्ठ्याचा तुकडा घातला की सिगारेटी मोडत नसत. त्या पुठ्ठ्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुन्हा येते, हे १८८० च्या दशकात कंपन्यांच्या ध्यानात आले. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने ‘ओल्ड जज’ सिगारेटबरोबर १८८६ ते १८९० या काळात खेळाडूंची खरी छायाचित्रे दिली. ती स्टुडिओत काढलेली असत. त्या वेळच्या कॅमेऱ्याला पळता चेंडू टिपता येत नसे, म्हणून चेंडू दोरीने टांगायचा आणि खेळाडूने झेल घेतल्याचा आव आणायचा. काही कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. १८९० मध्ये मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र येऊन ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ झाली. स्पर्धाच उरली नाही, त्यामुळे कार्डांचा खर्चही हळूहळू बंद झाला.

याच कंपनीने १९०९ ते १९११ दरम्यान काढलेला संच आज टी-२०६ या नावाने ओळखला जातो. शिळाछापाची रंगीत छपाई, जेमतेम दीड इंच रुंदी, रूढ मोजणीप्रमाणे ५२४ कार्डे. पाठीवर पिडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर अशा १६ छापांपैकी एकाची जाहिरात. त्यातले होनस वॅग्नरचे कार्ड जगप्रसिद्ध आहे. वॅग्नर हा पिट्सबर्ग पायरट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यामधला क्षेत्ररक्षक. त्याने आपले चित्र वापरायला नकार दिला आणि छपाई थांबली. कारण काय, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लहान मुलांनी आपल्यापायी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटले नाही. दुसरा म्हणतो, कंपनीने पैसे दिले नाहीत. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, म्हणून दुसऱ्या पक्षाचा जोर ओसरत नाही. पण खाणाऱ्यालाही पोरांच्या हाती तंबाखू नको वाटू शकते, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही. आज या कार्डाच्या पन्नास-साठ प्रतीच ठाऊक आहेत. त्यातली एक, बऱ्यापैकी झिजलेली, २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेली.

बर्डिक

‘टी-२०६’ हे नाव कंपनीचे नाही. ते जेफरसन बर्डिक याने दिलेले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसमध्ये विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा हा एकटा माणूस. त्याने १९३९ मध्ये छापील कार्डांची पहिली सूची काढली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना टी, एकोणिसाव्या शतकातल्यांना एन, गमच्या कार्डांना आर अशी अक्षरे लावून त्याने पसाऱ्याला शिस्त आणली आणि लिलावदार आजही तीच अक्षरे वापरतात. संधिवाताने बोटे वाकडी होत असताना त्याने आपली तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील चिठोऱ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, आणि १९४७ पासून त्या स्वतःच वहीत चिकटवत बसला. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटचे पान संपले. त्यानंतर दोन महिन्यांनी तो वारला. एक वॅग्नरही त्या वह्यांत आहे. कार्डाच्या पाठीला गोंद लागला तर आजच्या संग्राहकाला झोप येणार नाही. बर्डिकने हजारोंच्या संख्येने कार्डे डिंकाने चिकटवली. बाजारभावाच्या दृष्टीने हा अपराध खरा, पण संग्रह एका जागी अभंग राहिला तोही त्याच डिंकामुळे.

गमचे दिवस

१९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने २४० कार्डांचा संच काढला. त्यात त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू बेब रूथ चार वेळा आहे. क्रमांक १०६ मात्र पाकिटांत आलेच नाही. पोरे गम विकत घेत राहिली, १०६ निघेना. कंपनीचा डाव उघड होता. पत्रे लिहून तक्रार करणाऱ्यांना पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, ते कार्ड टपालाने मिळाले. त्यावर नॅप लाजोई होता, म्हणजे १९१६ मध्येच निवृत्त झालेला खेळाडू. कार्ड पत्राला कागद अडकवण्याच्या क्लिपने जोडून पाठवले जाई. उरलेल्या अनेक प्रतींवर त्या क्लिपचा वळ आहे, आणि या एका कार्डाच्या बाबतीत तो वळ अस्सलपणाचा पुरावा मानला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन कंपन्यांत जुंपली. खेळाडूंशी केलेल्या करारांवरून भांडण न्यायालयात गेले आणि १९५३ च्या निकालात न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी ‘आपल्या प्रसिद्धीवरचा हक्क’ ही कल्पना मांडली. नामवंताचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे अमेरिकेतले तत्त्व या गमच्या भांडणातून आले. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेतली.

टॉप्सचा १९५२ चा संच ४०७ कार्डांचा. कंपनीतल्या साय बर्गर याने सहकारी वुडी गेल्मनबरोबर ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची मांडणी केली. शेवटचा भाग, क्रमांक ३११ पासून पुढचा, हंगाम सरता सरता दुकानांत आला; तोवर पोरांचे लक्ष फुटबॉलकडे गेले होते. माल पडून राहिला. १९६० मध्ये उरलेली खोकी पडावात घालून आपण न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात बुडवली, असे बर्गर स्वतः सांगत असे. त्यात ३११ क्रमांकाचा, न्यूयॉर्क यांकीज संघाचा मिकी मँटल होता. याच कार्डाची एक जवळजवळ निर्दोष प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. दोन गोष्टी या आकड्याखाली दबून जातात. एक, हे मँटलचे पहिले कार्ड नाही; ते १९५१ च्या बोमन संचात आहे. दुसरी, छपाईच्या तावावर मँटल दोनदा बसवला होता, म्हणजे शेजारच्या बहुतेक क्रमांकांपेक्षा तो जास्तच छापला गेला. दुर्मीळतेवर किंमत ठरते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच संचातले पहिले कार्ड अँडी पॅफ्कोचे. पोरे कार्डे क्रमाने लावत आणि गठ्ठ्याला रबरबँड घालत. सगळ्यात वर पॅफ्को. रबराने त्याच्या कडा कातरल्या, घाम त्याला लागला, टेबलावर तोच घासला गेला. म्हणून खेळाडू साधाच असूनही स्वच्छ पॅफ्को मिळणे कठीण.

प्रत, दर्जा आणि लबाडी

‘जुने’ कुठवरचे म्हणावे यावर एकमत नाही. बरेच जण १९८० ही सीमा धरतात, कारण न्यायालयाच्या निकालानंतर १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि टॉप्सची मक्तेदारी संपली. पुढे १९८० च्या दशकाअखेर एवढा माल छापला गेला, आणि तो लोकांनी ‘पुढे सोने होईल’ म्हणून एवढ्या निगुतीने जपला, की आज त्यातल्या बहुतेकांना रद्दीपलीकडे भाव नाही. जुन्या कार्डांना भाव आला तो आयांनी माळे साफ करताना ती फेकून दिली आणि मुलांनी सायकलच्या आऱ्यांत चिमट्याने अडकवून फडफड वाजवत झिजवली म्हणून.

उरलेल्यांचा दर्जा चार गोष्टींवर ठरतो : चित्र चौकटीत मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. १९९१ पासून पीएसए ही संस्था १ ते १० गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देते. तिने तपासलेले पहिले कार्ड म्हणजे वॅग्नरची एक टवटवीत प्रत. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत ती त्याच वर्षी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली होती. तिला ८ गुण मिळाले. २०१३ मध्ये, ती पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयीन प्रकरणात कबूल केले की तिच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. नव्या छंदिष्टाने एवढे एक उदाहरण लक्षात ठेवले तरी डबीवरच्या आकड्याकडे तो जरा सावधपणे पाहील.

नकली कार्ड ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. अस्सल टी-२०६ वर खालच्या नावाची तपकिरी अक्षरे सलग शाईची असतात, कड नीट भरलेली. कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापले की अक्षरेही बारीक रंगीत ठिपक्यांची होतात. दुसरे साधन अतिनील दिवा. युद्धोत्तर काळात कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने पडू लागली, आणि तसा कागद या दिव्याखाली निळसर उजळतो. १९१० चे म्हणून दाखवलेले कार्ड उजळले तर पाकीट खिशात ठेवावे.

घरची कार्डे

खेळाडूचे कार्ड कंपनीने काढलेच नसेल तर ते आपण काढायचे, हा कस्टम कार्डांमागचा मूळ विचार. अशा जागा पुष्कळ आहेत. १९५२ ते १९५७ या टॉप्सच्या संचांत स्टॅन म्युझियल नाही. लॉस एंजलिस डॉजर्सच्या मॉरी विल्सने १९६२ मध्ये १०४ बेस चोरले, म्हणजे फटक्याशिवाय धावून पुढचा थांबा गाठला, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, तरी टॉप्समध्ये तो १९६७ पर्यंत नव्हता. उमेदवारीच्या काळात टॉप्सने त्याच्याशी करार करायचे टाळले होते. गंमत पुढेच आहे. १९७५ मध्ये टॉप्सने जुन्या सर्वोत्तम खेळाडूंची मालिका काढली. प्रत्येकाचे त्या त्या वर्षीचे कार्ड छोटे करून दाखवायचे होते. विल्सचे दाखवायला नव्हतेच. मग १९६२ च्या लाकडी चौकटीच्या नमुन्यात कंपनीने विल्सचे कार्ड नव्याने रचले आणि तेच छापले. कधीही अस्तित्वात नसलेल्या कार्डाचे चित्र मूळ कंपनीनेच दिले, तेव्हा घरी बसून तेच करणाऱ्यांना आणखी कोणाची परवानगी हवी होती, असे विनोदाने म्हणता येईल. कायद्याने मात्र हवी असते : संघांची चिन्हे, खेळाडूचा चेहरा आणि छायाचित्र या तिन्हींवर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. म्हणून बहुतेक निर्माते आपल्यापुरती दोन-चार प्रती काढतात आणि फार तर आपसात अदलाबदल करतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खेळाडूंसाठी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला बेन वृत्तसंस्थेचा छायाचित्रसंग्रह सोयीचा पडतो. त्यावर हक्काचे बंधन आढळलेले नाही.

कात्री, गोंद आणि टंकलेखनयंत्राचा काळ गेला. आता चौकट संगणकावर रचतात. अडीच बाय साडेतीन इंचांचे नेहमीचे कार्ड इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचे तर ७५० बाय १०५० ठिपक्यांचे चित्र लागते, शिवाय कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंना थोडे वाढीव. १९५२ चा नमुना याहून मोठा, दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार इंचांचा. जुन्या कार्डाचा स्कॅन घेऊन नुसता चेहरा बदलणारे लवकर फसतात. मूळ ठिपके आणि प्रिंटरचे ठिपके एकमेकांवर पडून कापडासारखी जाळी उमटते. म्हणून चौकट, चांदण्यांची नावपट्टी, सहीची रेघ हे सगळे पुन्हा काढावे लागते. १९५२ ची चित्रे कृष्णधवल छायाचित्रांवर रंग चढवून केलेली, तेव्हा नव्या चित्रातले गालही थोडे जास्तच गुलाबी आणि आकाश थोडे खोटे निळे हवे. स्वच्छ डिजिटल फोटो त्या चौकटीत उपरा दिसतो. पुढची-मागची बाजू वेगवेगळ्या कागदावर छापून मध्ये पुठ्ठा चिकटवतात, रात्रभर वजनाखाली ठेवतात आणि पोलादी पट्टीला धरून धारदार पात्याने कापतात. पाते बोथट झाले की कडेला लव उठते. बहुतेक हौशी कलाकारांची पहिली दहा कार्डे त्यातच जातात.

खरा वाद कागदाच्या रंगाचा. आज पिवळट दिसणारे कार्ड १९५२ मध्ये पिवळट नव्हते. मग नवे कार्ड तेव्हाच्यासारखे करायचे की आत्ताच्यासारखे? चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे नखाने मारून म्हातारे केलेले कार्ड दिसायला सुरेख होते, पण पुढच्या मालकाच्या हाती ते नकली माल म्हणून फिरू लागते. म्हणून जबाबदार माणसे मागे बारीक अक्षरांत निर्मितीचे वर्ष घालतात.

सगळ्यात मोठी रिकामी जागा वर्णभेदाची आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आला, तोवर कृष्णवर्णीयांना मुख्य लीगची दारे बंद होती आणि अमेरिकी गम कंपन्यांच्या संचांचीही. निग्रो लीगमधला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांमधला, जॉश गिब्सन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला. १९३३ मध्ये तो २१ वर्षांचा होता आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळत होता, त्याच शहरात जिथे वॅग्नर त्या वर्षी पायरट्सचा प्रशिक्षक म्हणून परतला. गाउडीच्या २४० मध्ये गिब्सन नाही. म्हणून १९३३ च्या गाउडी नमुन्यातले गिब्सन हे घरच्या कार्डांतले आवडते काम आहे : मागे सपाट रंग, खाली गमच्या नावाची लाल पट्टी. २०२४ मध्ये निग्रो लीगची आकडेवारी मुख्य लीगच्या नोंदींत धरली गेली आणि फलंदाजीच्या .३७२ सरासरीने गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर गेला. तो आकडा मागे छापायचा मोह कोणालाही होईल. पण १९३३ च्या गाउडीच्या पाठीवर आकडेवारीचा तक्ता नसे. हिरव्या शाईत छोटा मजकूर असे, खेळाडू कुठला, कुठे खेळतो, हात कोणता. मापाला माप ठेवणारा कारागीर तिथे एवढेच लिहितो.