पाठीचं पाणी तपासायला आणताय? बर्फात ठेवू नका

चोपडा, यावल, पाचोऱ्याहून मेंदूज्वराच्या पेशंटच्या पाठीच्या कण्यातून सुईने काढलेलं पाणी घेऊन येणाऱ्या नातेवाइकांच्या हातात हमखास बर्फाचा थर्मास असतो. उन्हाळ्यात तर असतोच. काळजीपोटीच आणतात, पण नेमकं तिथेच बिघडतं. मेनिंगोकोकस, हिमोफिलस हे मेंदूज्वराचे जंतू गारठ्यात मरतात. मग कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही आणि बोल आमच्या लॅबला लागतो.

नळ्या घट्ट बंद करून डब्यात उभ्या ठेवा, सावलीत आणा. मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नको. शक्यतो तासाभरात पोहोचा. वाटेत चहाला थांबू नका. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी दोन तासांत निम्म्यावर येऊ शकतात. व्हायरसच्या तपासणीची वेगळी नळी दिली असेल तर तेवढीच गार ठेवायची; डॉक्टरांना विचारून घ्या. त्याच वेळी काढलेल्या रक्तातल्या साखरेची नळीही आणा, पाण्यातली साखर तिच्याशी ताडून पाहावी लागते.

गार झालेला नमुना आम्ही परत पाठवत नाही. पाठीतून पुन्हा सुई घालणं सोपं नसतं. फक्त रिपोर्टवर तशी नोंद करतो. त्यावर रागावू नका.

‘रिपोर्टला तीन दिवस कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. स्टेनचा, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा, निकाल डॉक्टरांना त्याच दिवशी फोनवर कळवतो. त्यांनी औषध आधीच सुरू केलेलं असतं आणि तेच बरोबर. कल्चरच्या प्लेटा मात्र ७२ तास पाहतो. कारण कधीतरी लिस्टेरियासारखा क्वचित भेटणारा जंतू निघतो. गरोदर बाया, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, स्टेरॉइड चालू असलेले पेशंट यांना त्याचा धोका जास्त. न तापवलेल्या दुधातूनही तो येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंसारखा दिसतो, म्हणून घाईत ‘नमुना दूषित’ लिहून मोकळं होणं सोपं. आम्ही तसं करत नाही, कल्चर पुन्हा लावून पाहतो. मेंदूज्वरात नेहमी दिलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोन त्याच्यावर चालत नाही, ॲम्पिसिलिन लागतं. (लिस्टेरियाला फ्रीज मानवतो, हे खरं. पण नळीत कोण आहे हे आधी कुणाला ठाऊक?)

पाणी काढण्याआधी अँटिबायोटिक दिलं असेल तर नाव आणि वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.

जळगाव शहरात आणि भुसावळला आमचा माणूस स्वतः नमुना न्यायला येतो, रात्रीसुद्धा. डबा त्याच्याजवळ असतो, बिनबर्फाचा. पाणी काढायच्या आधीच फोन केलात तर तो दारात उभा असेल.