ध्रुवक फिल्टर व त्याची निवड

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवला जाणारा आणि येणाऱ्या प्रकाशापैकी एका ठरावीक दिशेने कंप पावणारा घटक जाऊ देऊन त्याच्याशी काटकोनात असलेला घटक शोषून घेणारा फिरता फिल्टर. छायाचित्रकारांच्या बोलण्यात तो ‘पोलरायझर’ किंवा ‘सीपीएल’ (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे वर्तुळ ध्रुवक) असतो. आकाशाची निळाई गडद करणे, पाण्यावरची व काचेवरची चकाकी कमी करणे आणि ओल्या पानांवरची पांढरट झाक घालवणे हे त्याचे उपयोग सर्वपरिचित आहेत. रंगीत फिल्टरांची बहुतेक कामे आता संगणकावर होतात. ध्रुवकाचे काम होत नाही, कारण प्रकाशाच्या कंपनाची दिशा प्रतिमेत नोंदलीच जात नाही.

ध्रुवणाचा, म्हणजे प्रकाशाचे कंपन एकाच दिशेपुरते मर्यादित होण्याचा, शोध एका व्यक्तीच्या नावावर घालणे कठीण आहे. आइसलँड स्पार या कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिले असता वस्तू दुहेरी दिसते, हे एरास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये प्रसिद्ध केले व १६९० मध्ये हायगेन्झ यांनी त्याची मीमांसा केली. परंतु परावर्तनानेही प्रकाशाचे ध्रुवण होते, हे छायाचित्रणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे निरीक्षण एत्येन-लुई मालुस यांचे आहे. पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्यांनी स्फटिकातून पाहिला; ही घटना साधारणतः १८०८ मधील मानली जाते. आकाशाच्या प्रकाशाचे ध्रुवण आरागो यांनी १८०९ मध्ये ओळखले. १८१५ मध्ये ब्रूस्टर यांनी परावर्तित प्रकाशाचे पूर्ण ध्रुवण ज्या कोनात होते तो कोन (ब्रूस्टर-कोन) पदार्थाच्या प्रणमनांकाशी, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणाऱ्या अंकाशी, जोडला. विल्यम निकोल यांचा कॅल्साइटचा लोलक (प्रिझम) १८२८ चा. तो ध्रुवक म्हणून उत्तम होता. मात्र त्याचे मुख लहान, लांबी जास्त व किंमत मोठी असल्याने भिंगापुढे नित्य वापरण्याजोगा नव्हता.

पातळ व रुंद ध्रुवक पत्र्याच्या (शीटच्या) जनकत्वाबद्दल संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. ब्रिस्टल येथील वैद्य विल्यम बर्ड हेरापाथ यांनी १८५२ मध्ये क्विनीन व आयोडीन यांच्या संयुगाच्या हिरवट स्फटिकांचे वर्णन केले. क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडल्यावर हे स्फटिक तयार झाल्याचे त्यांच्या शिष्याला दिसले होते. पुढे ‘हेरापाथाइट’ म्हणून ओळखले गेलेले हे स्फटिक एक कंपन-दिशा जवळजवळ पूर्ण शोषतात, पण अत्यंत ठिसूळ असल्याने ते मोठ्या आकारात वाढवणे हेरापाथ यांना साधले नाही. यानंतरची वाट दुभंगते. जर्मनीत फेर्डिनांट बेर्नाउअर यांनी मोठा एकसंध पातळ स्फटिक वाढवण्याचा मार्ग घेतला व त्यातून १९३० च्या दशकात त्साइस कंपनीचे ‘बेर्नोटार’ फिल्टर निघाले. अमेरिकेत एडविन लँड यांनी उलट विचार केला : स्फटिक मोठा न करता तो अतिसूक्ष्म सुयांएवढा बारीक करायचा आणि कोट्यवधी सुया एका दिशेने रांगेत लावून प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात बंदिस्त करायच्या. लँड यांचा एकस्वासाठीचा (पेटंटसाठीचा) अर्ज १९२९ चा आहे व एकस्व १९३३ मध्ये मिळाले; त्या दशकाच्या मध्यास ईस्टमन कोडॅकने त्यांच्या पत्र्यापासून केलेले फिल्टर विक्रीस आणले. हेरापाथ यांच्या स्फटिकांची माहिती आपल्याला ब्रूस्टर यांच्या शोभादर्शकावरील पुस्तकातून मिळाली, असे लँड यांनीच नोंदवले आहे. पदार्थाचे श्रेय हेरापाथ यांना आणि पत्र्याचे लँड यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण आजचे फिल्टर लँड यांच्याच पुढच्या, १९३८ च्या सुमाराच्या पत्र्याचे वंशज आहेत. त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पापुद्रा ताणून त्याच्या लांब रेणूंना एका दिशेत आणतात व त्यावर आयोडीन चढवतात; हेरापाथाइट त्यात उरत नाही.

भारतातील एक प्रसंग येथे नोंदवण्याजोगा आहे. सी. व्ही. रामन १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या आगबोटीने परतताना निकोल लोलकातून समुद्र पाहत होते. पृष्ठावरून परावर्तित होणारे आकाश लोलकाने पुसल्यावरही पाण्याची निळाई उरते, उलट ती अधिक खुलते, असे त्यांना आढळले आणि समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब हे मत त्यांनी नाकारले. त्याविषयीचे त्यांचे ‘नेचर’मधील पत्र मुंबई बंदरातून लिहिलेले आहे. तळ्याकाठी फिल्टरचे कडे फिरवणारा छायाचित्रकार तत्त्वतः हेच करीत असतो.

परिणाम दोन कोनांवर अवलंबून असतो. पाण्यासाठी ब्रूस्टर-कोन लंबापासून सुमारे ५३ अंश, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंश, आणि नेहमीच्या काचेसाठी लंबापासून सुमारे ५६ अंश आहे. या कोनाच्या आसपास चकाकी जवळजवळ संपते, समोरून पाहिल्यास फारशी कमी होत नाही. उघड्या धातूवरील चकाकीचे ध्रुवण फारच थोडे असल्याने तांब्या-पितळेच्या भांड्यांचे चित्र घेताना फिल्टरचा लाभ नगण्य असतो. आकाशाचे ध्रुवण सूर्यापासून ९० अंशांवरील पट्ट्यात सर्वाधिक असते. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर मे महिन्यात व जुलैत सूर्य माध्यान्ही जवळपास डोक्यावर येतो; तेव्हा हा पट्टा सगळ्या बाजूंनी क्षितिजालगत जातो आणि तेथील धुरकटपणामुळे निष्प्रभ होतो. सकाळी व सायंकाळी तो उत्तर-दक्षिण दिशेने डोक्यावरून जातो. हवेत धूळ व धूर जितका अधिक तितके ध्रुवण कमी, त्यामुळे पावसाने धुतलेल्या आकाशात फिल्टरचा जो परिणाम दिसतो तो शहरी हिवाळ्यात दिसत नाही. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असतो. कडे चुकीच्या जागी फिरले तर इंद्रधनुष्य चित्रातून नाहीसे होऊ शकते.

निवडीच्या चर्चेत सर्वाधिक शाई रेषीय व वर्तुळ ध्रुवक या भेदावर सांडलेली आहे. वर्तुळ ध्रुवकाची पुढची बाजू रेषीयच असते. तिच्या मागे, तिच्या अक्षाशी ४५ अंशांत, एक चतुर्थांश-तरंग पट्टी जोडलेली असते व ती रेषीय प्रकाशाचे वर्तुळ ध्रुवित प्रकाशात, म्हणजे कंपनाची दिशा सतत फिरत राहणाऱ्या प्रकाशात, रूपांतर करते. याची गरज कॅमेऱ्यातल्या अंशतः पारदर्शक आरशामुळे पडली. असा आरसा निरनिराळ्या कंपन-दिशा निरनिराळ्या प्रमाणात परावर्तित करतो, त्यामुळे त्याच्या मागील प्रकाशमापक फिल्टरच्या फिरण्याबरोबर वेगवेगळी मापे दाखवतो. १९६८ चा लायकाफ्लेक्स एसएल, प्रकाश विभागणाऱ्या रचनेमुळे १९७१ चा कॅनन एफ-१ आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासूनचे स्वयंचलित केंद्रीकरणाचे (ऑटोफोकसचे) एसएलआर, म्हणजे आरशावाटे भिंगातले दृश्य दाखवणारे कॅमेरे, या वर्गात येतात. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या जुन्या कॅमेऱ्यात ही अडचण फारशी येत नाही. आरसाविरहित कॅमेऱ्यांत मापन व केंद्रीकरण संवेदकावरच होत असल्याने तेथे रेषीय ध्रुवकही सामान्यतः चालतो. तेव्हा वर्तुळ प्रकाराचा आग्रह त्याच्या कारणापेक्षा जास्त टिकला आहे, असे म्हणता येईल. बाजारात मात्र नवा माल बहुतांशी वर्तुळच मिळतो. चतुर्थांश-तरंग पट्टी काटेकोरपणे एकाच तरंगलांबीसाठी बरोबर असते, पण व्यवहारात त्याने बिघडत नाही.

प्रकार ओळखण्यास आरसा पुरतो. फिल्टरची भिंगाकडची बाजू आरशाकडे करून समोरून पाहिल्यास वर्तुळ ध्रुवकाचे प्रतिबिंब काळपट दिसते, बाजू उलटल्यास स्वच्छ दिसते. रेषीय ध्रुवक दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर फिल्टरची पुढची बाजू धरून तो फिरवल्यास पडदा एका जागी जवळजवळ काळा व्हायला हवा. तेव्हा जांभळी किंवा निळसर गळती ठळक दिसली, तर पापुद्रा हलक्या प्रतीचा समजावा.

आदर्श ध्रुवकही अध्रुवित प्रकाशाचा निम्मा भाग, म्हणजे एक स्टॉप, अडवतो. प्रत्यक्षात सुमारे दीड ते दोन स्टॉप जातात. जास्त पारगमनाचे (अधिक प्रकाश जाऊ देणारे) म्हणून विकले जाणारे फिल्टर एका स्टॉपच्या जवळ येतात आणि जंगलात हातात कॅमेरा धरून काम करणाऱ्यास तो फरक जाणवतो. व्यासाबाबत सर्वांत मोठ्या भिंगाच्या आट्यांचा, उदाहरणार्थ ७७ किंवा ८२ मिमीचा, एकच चांगला फिल्टर घेऊन लहान भिंगांना जोडकडी लावणे हे तीन साधारण फिल्टर घेण्यापेक्षा श्रेयस्कर. मात्र मग लहान भिंगांचे हूड बसत नाहीत. रुंद कोनाच्या भिंगांवर जाड कड्यामुळे कोपरे काळवंडतात, म्हणून तेथे बारीक कड्याचा फिल्टर घ्यावा. पण फुलफ्रेम (३६ × २४ मिमी संवेदकाच्या) कॅमेऱ्यावरील २४ मिमी भिंगाचा आडवा दृष्टिकोन सुमारे ७४ अंश असतो व त्यात आकाश एका बाजूस गडद, दुसऱ्या बाजूस फिके उमटते. हा दोष कोणताही महागडा फिल्टर दूर करीत नाही.

दूरभिंगावर काचेचा सपाटपणा निर्णायक ठरतो, कारण दोन काचांमध्ये पापुद्रा चिकटवताना राहिलेली असमानता तेथे अस्पष्टतेच्या रूपाने मोठी होऊन दिसते. दोन्ही पृष्ठांवर बहुस्तरीय लेप असावा. आयोडीनयुक्त पापुद्र्यास उष्णता व आर्द्रता सोसत नाही : कडेने ओल शिरली की थर सुटू लागतात व रंग उडतो. कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात म्हणूनच कडा सीलबंद केलेला, ‘केझेमान’ या नावाने विकला जाणारा प्रकार थोडा महाग असला तरी घ्यावा. आणि कोणताही फिल्टर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.