सरोगसीसाठी भारतात येणारी परदेशी जोडपी: आणंदपासून किव्हपर्यंत

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा या उपचारासाठी कधी परदेशातून रांग लागेल असं कुणाला वाटलं नसेल. वीसेक वर्षांत ती लागली. २००४ मध्ये आणंदच्या डॉ. नयना पटेल यांच्याकडे एका आजीने इंग्लंडमधल्या आपल्या लेकीची जुळी मुलं स्वतःच्या पोटात वाढवली. ती बातमी जगभर झाली आणि गुजरातमधलं हे दुधाचं गाव सरोगसीसाठी, म्हणजे एका जोडप्याचा प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ दुसऱ्या बाईने पोटात वाढवण्यासाठी, ओळखलं जाऊ लागलं.

खर्च अमेरिकेच्या मानाने फारच कमी, डॉक्टर इंग्रजी बोलणारे, हे होतंच. पण जर्मनी, फ्रान्समध्ये सरोगसीला बंदी, ब्रिटनमध्ये तिच्या व्यवसायाला मनाई, आणि इथे मात्र कायदाच नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती मोडली तरी शिक्षा नव्हती.

ही पोकळी किती खोल आहे ते २००८ मध्ये मांजी या बाळामुळे कळलं. जपानी जोडप्याने आणंदला सरोगसी ठरवली. स्त्रीबीज तिसऱ्याच बाईचं. मूल जन्मायच्या आधीच जोडप्याचा घटस्फोट झाला. वडिलांना ही मुलगी आपल्याकडे हवी होती, पण जन्मदाखल्यावर आई म्हणून नाव कुणाचं लिहायचं? बीज देणारी अनामिक, जन्म देणारी कराराने मोकळी, आणि माजी पत्नीचा संबंध संपलेला. दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही. व्हिसा संपल्यावर वडील परतले, आजी येऊन बाळापाशी राहिली. त्यात एका संस्थेने थेट राजस्थान उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. अखेर राष्ट्रीयत्व आणि आईचं नाव, दोन्ही कोरं ठेवलेल्या ओळखपत्रावर नोव्हेंबरमध्ये मांजी जपानला गेली. आणंदलाच जन्मलेल्या एका जर्मन जोडप्याच्या जुळ्यांना तर देश सोडायची परवानगी मिळेपर्यंत २०१० उजाडलं.

सरकारने आधी उपाय काढला तो व्हिसाचा. २०१२ मध्ये गृहमंत्रालयाने मेडिकल व्हिसा सक्तीचा केला आणि तोही लग्नाला किमान दोन वर्षं झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांनाच. समलिंगी जोडपी आणि एकटे पालक यांना दार बंद झालं. ओघ आटला नाही, थायलंड आणि नेपाळकडे वळला. काठमांडूत नेपाळी बाईला सरोगेट होता येत नसे, म्हणून अनेकदा भारतातल्याच बायका तिकडे नेल्या जात. दार दिल्लीने लावलं आणि कूस भारतीयच राहिली! एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्राएलने आपल्या नागरिकांची बाळं विमानाने नेली, तेव्हा ही व्यवस्था जगाला दिसली.

थायलंडमध्ये त्याआधी गॅमी प्रकरण गाजलं होतं: डाउन सिंड्रोम असलेला मुलगा सरोगेट आईकडे राहिला, त्याची जुळी बहीण सरोगसी ठरवणाऱ्या जोडप्यासोबत ऑस्ट्रेलियाला गेली. २०१५ या एकाच वर्षात थायलंड, नेपाळ आणि भारत, तिघांनीही परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद केली. २०१६ मध्ये कंबोडियाने तेच केलं. मग ओघ युक्रेन आणि जॉर्जियाकडे वळला. २०२० च्या टाळेबंदीत किव्हच्या एका हॉटेलात डझनावारी तान्ही बाळं पालकांची वाट बघत राहिली.

भारतातला कायदा २०२१ चा. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. सरोगेट आईला औषधोपचार, विमा आणि ठरलेल्या खर्चापलीकडे पैसे देता येत नाहीत. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला काही अटींवर मुभा आहे; एकटा पुरुष आणि लिव्ह-इनमधली जोडपी यांना नाही.