पार्श्वभूमी: थरोब्रेडच्या आयांचा शोध, वहीत नाव नसलेल्या घोड्या आणि डीएनए

रेसच्या घोड्याच्या खानदानाचा विषय निघाला की तीन नावं ठरलेली असतात, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडोल्फिन अरेबियन. 17व्या शतकाच्या शेवटापासून 18व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात आलेले हे तीन नर, आणि आजचा कुठलाही थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच पैदास केलेल्या जातीचा घोडा, बापाच्या बाजूने मागे मागे नेत गेलं की यांच्यापैकी एकापाशीच जाऊन थांबतो, त्यातही साधारण 95 टक्के एकट्या डार्ली अरेबियनपाशी. पण ज्या घोड्यांच्या पोटी ही सगळी शिंगरं जन्मली त्या घोड्या कोण होत्या, कुठून आल्या, हे विचारलं की बोलणं थांबतं.

कारण त्यांची नोंदच धड नाहीये. वेदरबी यांनी 1791 मध्ये इंग्लंडात जनरल स्टड बुकची, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या वहीची, सुरुवातीची आवृत्ती काढली, जुन्या रेसची कॅलेंडरं आणि लोकांच्या खासगी वह्या चाळून, आणि तोवर पहिल्या घोड्या मरून शंभरेक वर्षं झालेली. मग नोंदी कशा, तर ‘बर्टन्स बार्ब मेअर’, ‘ट्रेगनवेल्स नॅचरल बार्ब मेअर’, म्हणजे मालकाचं आडनाव आणि पुढे घोडी (बार्ब म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी भागातली घोड्याची जात). काही तर नुसत्याच ‘अ रॉयल मेअर’, राजाच्या पागेतली एक घोडी, बस्स, आणि अशी एक नाही, वेगवेगळी घराणी या एकाच नावापाशी जाऊन संपतात. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं, अख्खी जात जिच्यावर उभी राहिली तिचं नाव लिहायची कुणाला गरज वाटली नाही.

आईकडच्या बाजूला पहिल्यांदा सिरियसली घेतलं ते ब्रुस लो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने. डर्बी, ओक्स आणि सेंट लेजर या तीन रेस जिंकलेले घोडे घेतले, प्रत्येकाची आई, तिची आई, तिची आई असं स्टड बुक संपेपर्यंत मागे नेलं आणि जिच्या वंशात सगळ्यात जास्त विजेते तिला नंबर 1, पुढची नंबर 2, अशी 43 घराणी पाडली. ट्रेगनवेलची घोडी 1 नंबर, बर्टनची 2 नंबर. पुस्तक 1895 मध्ये आलं, तेव्हा लो स्वतः हयात नव्हता. नंबरांवरून घोड्याचं भवितव्य सांगायची त्याची थिअरी टिकली नाही पण नंबर टिकले, ब्रीडिंगवाले आजही ‘फॅमिली नंबर’ म्हणतात ते हेच. आपल्याकडचं स्टड बुक पुण्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे असतं, त्यातल्या घोड्यांची आईकडची घराणीसुद्धा शेवटी बहुतेक याच इंग्लंडातल्या घोड्यांपर्यंत जातात.

आता डीएनए. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, घोड्यात तो 16,660 अक्षरांचा (1994 मध्ये पूर्ण वाचला गेला), आणि तो फक्त आईकडून येतो. शिंगरू नर असो की मादी, दोघांनाही आईचाच मिळतो, पण नर तो पुढे देत नाही. म्हणजे आज उभ्या असलेल्या घोड्याचे चार केस मुळासकट उपटले तरी त्याच्या आईच्या आईच्या आईचा तोच डीएनए हातात येतो, मध्ये तीनशे वर्षं गेलेली असली तरी, क्वचित एखादं अक्षर बदललेलं असेल इतकंच. आणि म्हणून स्टड बुक तपासता येतं. एकाच घराण्यातल्या दोन घोड्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए अगदीच वेगळा निघाला तर कुठेतरी नोंद चुकलीये, शिंगरू अदलाबदल झालंय किंवा आई भलतीच लिहिलीये. उलट बाजूने मात्र जपून, डीएनए सारखा आला म्हणून घोडी तीच असं होत नाही, एका भागातल्या कितीतरी घोड्यांत तोच प्रकार असू शकतो.

2002 मध्ये डब्लिनच्या टीमने 19 घराण्यांतले 100 थरोब्रेड असे तपासले. काही घराण्यांत एकाहून जास्त प्रकार निघाले, म्हणजे वहीत घोळ आहे आणि तो बराच जुना आहे. आणि वेगळी समजली जाणारी काही घराणी डीएनएत एकच निघाली.

मग 2011 चा अभ्यास आला, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. वेगवेगळ्या जातींच्या मिळून 1,929 घोड्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए. प्रश्न एकच, पहिल्या घोड्या खरंच अरबी होत्या का, कारण दोनशे वर्षं सांगितलं तेच जायचं, शुद्ध पूर्वेकडचं रक्त. उत्तर आलं, नाही. घोड्या युरोपभरच्या मिश्र वंशाच्या होत्या आणि त्यात ब्रिटन-आयर्लंडच्या गावठी घोड्यांचा वाटा कुणी धरला होता त्यापेक्षा कितीतरी मोठा. नाव बार्ब मेअर असलं म्हणून ती बार्बरीहून आली होती असं समजायचं कारण उरलं नाही.

हेच चित्र सगळ्या घोड्यांना धरून बघितलं तर अजून ठळक दिसतं. 2002 मध्ये 652 घोड्यांवरून हिशोब निघाला की माणसाळवलेल्या घोड्यांच्या मुळाशी निदान 77 घोड्या असल्या पाहिजेत, आणि 2004 मध्ये 15 जातींच्या 52 नरांचा वाय क्रोमोसोम, जो फक्त बापाकडून मुलाला जातो, तो बघितला तर त्या वेळी तपासलेल्या भागात एकही फरक सापडला नाही. नर मोजके, माद्या भरपूर. त्यावरून तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की घोडा अनेक ठिकाणी माणसाळवला गेला, पण आईकडच्या या शाखा फुटल्या लाखभर वर्षांपूर्वीच, म्हणजे रानटी कळपांतच त्या होत्या, त्यामुळे नुसत्या मायटोकॉन्ड्रियावरून जागा ठरत नाही. ती ठरली 2021 मध्ये, जुन्या हाडांमधल्या पूर्ण जीनोमवरून, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या डीएनएवरून, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, आणि तिथून इ.स.पू. 2200 च्या आसपास हे घोडे सगळीकडे पसरले.

थरोब्रेडवर परत येतो, कारण वेगाचं राहिलंच. मायोस्टॅटिन नावाच्या जीनचा एक प्रकार असला की घोडा कमी अंतरात जास्त जोरात पळतो. 2012 मध्ये म्युझियममध्ये जपलेली जुन्या नामांकित नरांची हाडं आणि दात तपासले, त्यांच्यात हा प्रकार नव्हता, ते सगळे लांब पल्ल्याचे. संशोधकांचा निष्कर्ष असा की हा प्रकार थरोब्रेडमध्ये एकदाच आला, साधारण 300 वर्षांपूर्वी, आणि तो बहुधा एका ब्रिटिश गावठी घोडीकडून. पुढे 1954 साली जन्मलेल्या निआर्क्टिककडून आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सरकडून तो जगभर गेला, या दोघांची नावं रेसच्या प्रत्येक माणसाला पाठ आहेत. ती घोडी कुठल्या पागेतली, कुणाची, काय रंगाची, काहीच लिहिलेलं नाही.